गोंडीचे ॲप करताय? भाग वेगळे ठेवा, बिल्ड यंत्रावर सोपवा

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत गोंडी किंवा माडिया भाषेसाठी शब्दकोश, वाचनपाठ किंवा शाळेचे ॲप करू पाहणाऱ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. संगणकावर नीट दिसणारी गोंडी लिपी मोबाइलवर गेली की चौकोन का दिसतात? डेटाबेसमध्ये भरलेले शब्द परत काढले की प्रश्नचिन्हे का येतात? ज्या विद्यार्थ्याने ॲप करून दिले तो नोकरीला पुण्याला गेला, आता त्यात दहा शब्द वाढवायचे तर कुणाला धरायचे? देवनागरीतला शब्दकोश मसराम या गोंडी लिपीत हवा असेल तर सगळे पहिल्यापासून करायचे का? हे चार प्रश्न निराळे वाटतात, म्हणून त्यांची उत्तरेही निराळ्या ठिकाणी शोधली जातात. पण त्यांचे मूळ एकच आहे. फॉन्ट, किबोर्ड, शब्दसूची आणि ॲप हे वेगवेगळ्या लोकांनी केलेले भाग कुणीतरी एकदा आपल्या लॅपटॉपवर हाताने जुळवतो, आणि ते कसे जुळवले हे कुठेही लिहिलेले नसते. तो लॅपटॉप बिघडला किंवा तो माणूस दुसऱ्या कामाला लागला की ॲप आहे त्या अवस्थेत गोठते.

यावरचा उपाय जगभरच्या ओपन सोर्स प्रकल्पांत रुळलेला आहे. प्रत्येक भाग आपापल्या जागी स्वतंत्र ठेवायचा, त्याची नेमकी कोणती आवृत्ती वापरायची ते नोंदवायचे, आणि ते सगळे एकत्र आणून चालते ॲप तयार करण्याचे काम, म्हणजे बिल्ड, स्क्रिप्टवर सोपवायचे. डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमची हजारो पॅकेजे मूळ कोडपासून अशीच आपोआप बिल्ड होतात. अँड्रॉइडची मोफत ॲप पुरवणारे एफ-ड्रॉइड प्रत्येक ॲपची बिल्ड-कृती एका फाइलमध्ये ठेवते आणि त्यावरून ॲप स्वतः बिल्ड करते. हे प्रकल्प मोठे आहेत म्हणून त्यांना हे परवडते, आपल्याला कुठे जमणार, असे अनेकांना वाटते. मला नेमके उलटे दिसते. ज्या भाषेची लिपी कोणती, शुद्धलेखन कोणते, कोणत्या भागातली बोली प्रमाण धरायची हे अजून ठरायचे आहे, त्या भाषेला या पद्धतीची गरज सर्वांत जास्त आहे. हे निर्णय निरनिराळ्या लोकांचे आहेत आणि ते निरनिराळ्या वेळी होणार आहेत. एकाचा निर्णय बदलला म्हणून बाकीच्यांचे काम वाया जाऊ नये, एवढी सोय सॉफ्टवेअरने करायलाच हवी.

आधी भाग ओळखा

तुमच्या कामाचे साधारण पाच भाग पडतात. प्रत्येकासाठी वेगळी गिट रिपॉझिटरी, म्हणजे बदलांचा इतिहास जपणारा साठा, ठेवा किंवा निदान वेगळा फोल्डर तरी.

- फॉन्ट. मसराम आणि गुंजाला या दोन्ही गोंडी लिप्यांसाठी गुगलच्या नोटो मालिकेत फॉन्ट आहेत. नवा फॉन्ट काढण्याआधी ते वापरून पाहा.
- किबोर्ड. कीमॅन या मुक्त साधनात किबोर्डचे नियम साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहितात. त्याच स्रोतापासून संगणकाचा आणि मोबाइलचा असे दोन्ही किबोर्ड तयार होतात.
- शब्दसूची आणि पाठ. शब्द, अर्थ, उदाहरणे, ध्वनिमुद्रणे. हा भाग भाषकांचा आहे. यात कोडची एक ओळही नको.
- लिप्यंतराचे नियम. देवनागरीतून मसराम किंवा गुंजाला लिपीत नेणारे नियम. हे ॲपच्या कोडमध्ये पेरू नका, स्वतंत्र ठेवा.
- ॲप. शोध, पडदे, आवाज वाजवणे वगैरे. हाच भाग खऱ्या अर्थाने अभियंत्याचा.

ही वाटणी जुळते की नाही हे तपासायला एक कसोटी पुरते: हा भाग बदलायचा अधिकार कुणाचा? धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा चालवली. अशा शाळेतल्या शिक्षकाला एखाद्या शब्दाचा अर्थ दुरुस्त करायचा असेल, तर त्याला ॲपच्या कोडला हात लावावा लागू नये. आणि अभियंत्याला बटणाचा रंग बदलायचा असेल, तर त्याच्या हातून चुकूनही शब्दाचा अर्थ बदलू नये. जिथे अधिकार बदलतो तिथे भाग तोडा. याहून बारीक तुकडे करण्याच्या फंदात पडू नका. वीस रिपॉझिटऱ्या सांभाळताना काम बुडते.

लिपीचा निर्णय ॲपने करू नये

गोंडी लिहिण्याच्या निदान चार वाटा आज चालू आहेत. बालाघाटच्या मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली तयार केलेली मसराम लिपी आहे. आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाला गावी जपलेल्या हस्तलिखितांतून पुढे आलेली गुंजाला लिपी आहे, आणि आदिलाबाद चंद्रपूरच्या सीमेला लागूनच आहे. आपल्याकडे रोजच्या वापरात देवनागरी आहे आणि तेलंगणाच्या बाजूला तेलुगू. मसराम लिपी युनिकोडमध्ये २०१७ साली १०.० या आवृत्तीत आली, गुंजाला लिपी २०१८ साली ११.० मध्ये. म्हणजे दोन्ही लिप्यांना संगणकावर अधिकृत जागा मिळून फार वर्षे झालेली नाहीत. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख ८४ हजार लोक होते आणि ते अनेक राज्यांत विखुरलेले आहेत. त्यांनी कोणती लिपी धरावी हे चंद्रपुरातल्या किंवा नागपुरातल्या प्रोग्रामरने ठरवायचे नाही. पण फॉन्ट, लिपी आणि शब्द एकाच फाइलमध्ये कोंबलेले ॲप हा निर्णय नकळत करून टाकते, कारण नंतर बदलायला फार खर्च येतो. शब्दसूची एका लिपीत, लिप्यंतराचे नियम वेगळे आणि बिल्ड आपोआप अशी मांडणी असेल, तर त्याच शब्दसूचीतून देवनागरी, मसराम आणि गुंजाला अशी तीन ॲप एकाच आज्ञेने निघतात. वाद चालू राहू द्या, काम थांबत नाही.

लिप्यंतर म्हणजे अक्षरास अक्षर बदलणे, असे समजून अनेक जण एक तक्ता करतात आणि फसतात. ‘क्षेत्र’ हा शब्द घ्या. देवनागरीत तो सात चिन्हांनी साठवला जातो: क, हलन्त, ष, एकाराची मात्रा, त, हलन्त, र. मसराम लिपीत क्ष, ज्ञ आणि त्र यांना युनिकोडने स्वतंत्र वर्ण दिले आहेत, त्यामुळे तोच शब्द तीन चिन्हांत बसतो: क्ष, एकाराची मात्रा, त्र. ‘वर्ग’ मधला रफार देवनागरीत र आणि हलन्त मिळून होतो. मसराम लिपीत रफार हे स्वतंत्र चिन्ह आहे आणि ‘क्र’ मधल्या रकारालाही वेगळे चिन्ह आहे. देवनागरीचा एकच हलन्त मसराम लिपीत दोन चिन्हांत विभागला जातो, एक डोळ्यांना दिसणारा हलन्त आणि दुसरे जोडाक्षर घडवणारे चिन्ह. कुठे कोणते येईल हे संदर्भावरून ठरते. म्हणून नियमांच्या फाइलबरोबर कसोटीच्या शब्दांची यादी ठेवाच. प्रत्येक शब्दासमोर अपेक्षित उत्तर लिहा आणि बिल्डने प्रत्येक वेळी ती यादी तपासलीच पाहिजे असे करा. हे उत्तर प्रोग्रामरने ठरवू नये. लिपी जाणणाऱ्या व्यक्तीकडून लिहून घ्या.

बिल्ड कसा उभा करायचा

पायऱ्या या क्रमाने घ्या. क्रम बदलला की चुका शोधणे अवघड जाते.

1. एका मुख्य रिपॉझिटरीत नोंदफाइल करा. तिच्यात प्रत्येक भागाचा पत्ता, नेमका कमिट क्रमांक आणि बाहेरून उतरवलेल्या फाइलचा एसएचए-२५६ चेकसम असावा. गिटचे सबमॉड्यूल वापरलेत तर कमिट क्रमांक आपोआप नोंदला जातो.
2. आधी काहीच बसवलेले नसलेल्या नव्या संगणकावर चालेल अशी एकच स्क्रिप्ट लिहा. भाग आणणे, चेकसम पडताळणे, फॉन्ट आणि किबोर्ड तयार करणे, लिप्यंतर चालवणे, कसोट्या घेणे, ॲप बांधणे, सगळे तिच्यात. ‘हे एवढे हाताने करा’ अशी एकही टीप उरू नये.
3. ही स्क्रिप्ट कंटेनरमध्ये, म्हणजे ठरावीक साधने असलेल्या बंदिस्त वातावरणात, चालवा आणि कंटेनरचीही आवृत्ती बांधून ठेवा. नाहीतर तुमच्याकडे चालले आणि दुसऱ्याकडे नाही, हा जुना तंटा सुरू होतो.
4. मग गिटहब ॲक्शन्स किंवा गिटलॅबच्या अशाच सेवेला सांगा की कोणत्याही भागात बदल आला की स्क्रिप्ट चालव. सार्वजनिक रिपॉझिटरीसाठी गिटहबची नेहमीची यंत्रे या कामाला मोफत मिळतात.
5. कसोट्या पास झाल्यावरच तयार ॲप डाउनलोडच्या जागी जाऊ द्या, आणि त्याच्या ‘माहिती’ पानावर प्रत्येक भागाची आवृत्ती छापा.

चौथी पायरी दिसायला भारी आहे, म्हणून बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. तसे करू नका. तुमची स्क्रिप्ट साध्या लॅपटॉपवर चालत नसेल तर ती गिटहबच्या यंत्रावरही चालणार नाही, आणि तिथली चूक शोधायला दसपट वेळ जातो. उलट पहिल्या दोन पायऱ्या नीट झाल्या तर निम्म्याहून अधिक फायदा पदरात पडलेला असतो, कारण ॲप कसे तयार होते हे आता एका माणसाच्या डोक्यात राहिलेले नसते.

कसोट्यांत लिपीची कसोटी विसरू नका. हार्फबझ हे मजकुराची मांडणी करणारे मुक्त साधन अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस या सगळ्यांत आहे. त्याच्याबरोबर एचबी-शेप नावाची छोटी आज्ञा मिळते. तिला फॉन्ट आणि शब्द दिला की कोणती अक्षरचित्रे कोणत्या क्रमाने येतील ते ती सांगते. उत्तरात ‘नॉटडेफ’ आले तर फॉन्टमध्ये ते अक्षरच नाही. तोच तुम्हाला दिसणारा चौकोन. ठिपक्यांचे वर्तुळ आले तर मात्रा चुकीच्या जागी पडली आहे. या दोन गोष्टी आढळल्या की बिल्ड थांबवा, असे स्क्रिप्टमध्ये लिहिणे फार अवघड नाही. डोळ्यांनी पाने तपासत बसण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचे.

इथे हमखास घसरते

प्रश्नचिन्हांचा घोटाळा सर्वांत जास्त लोकांना छळतो, म्हणून त्याबद्दल सविस्तर. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. मसराम आणि गुंजाला लिप्या युनिकोडच्या पहिल्या ६५,५३६ जागांच्या पुढे आहेत, त्यामुळे त्यांचे प्रत्येक चिन्ह चार बाइट घेते. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ८’ या नावाने आजवर जे मिळत आले ते तीन बाइटांपर्यंतच साठवते. चार बाइटांसाठी ‘यूटीएफ८एमबी४’ निवडावे लागते, आणि ते डेटाबेस, तक्ता व जोडणी या तिन्ही ठिकाणी. मराठीवर चाचणी घेतलेली असते, मराठी उत्तम चालते, म्हणून कुणाला शंका येत नाही. गोंडी लिपी भरली की एकतर चूक दाखवली जाते किंवा गुपचूप प्रश्नचिन्हे साठतात, आणि मूळ अक्षरे परत मिळत नाहीत. कसोटीच्या यादीत मसराम लिपीतला एक शब्द डेटाबेसमध्ये टाकून तसाच परत येतो का हे तपासणारी ओळ घाला. जावास्क्रिप्टमध्येही अशा एका चिन्हाची लांबी दोन मोजली जाते. शब्द मध्येच कापणारा कोड तिथे अक्षराचे दोन तुकडे करतो.

दुसरा धोका जुन्या पद्धतीच्या फॉन्टचा. देवनागरी किंवा रोमन अक्षरांच्या जागी गोंडी आकार बसवलेला फॉन्ट पडद्यावर छान दिसतो, पण फाइलमध्ये गोंडी साठलेली नसते. श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये आणताना मराठी मुद्रकांनी काय भोगले ते इथे पुन्हा भोगायची गरज नाही. असा फॉन्ट बिल्डमध्ये येऊच देऊ नका. मोबाइलच्या आतल्या फॉन्टवरही विसंबू नका. अँड्रॉइड ९ ला युनिकोड १०.० ची ओळख आहे आणि अँड्रॉइड १० ला ११.० ची. त्याआधीचे फोन खेड्यापाड्यांत अजून वापरात आहेत. फॉन्ट ॲपच्या आतच द्या, आणि जुना फोन ज्यांच्याकडे असेल त्यांच्यासाठी देवनागरीचा पर्याय ठेवा.

तिसरी गोष्ट भाषेच्या संकेताची. आंतरराष्ट्रीय मानकात गोंडीचा सर्वसमावेशक संकेत ‘जीओएन’ आहे. पण अहेरी गोंडीला ‘ईएसजी’, आदिलाबाद गोंडीला ‘डब्ल्यूएसजी’, उत्तरेकडच्या गोंडीला ‘जीएनओ’ आणि माडियाला ‘एमआरआर’ असे निराळे संकेत आहेत. दक्षिण गोंडीचा जुना ‘जीजीओ’ हा संकेत २०१६ साली रद्द झाला, तरी तो जुन्या उदाहरणांतून उचलला जातो. सुरुवातीला संकेत चुकला तर पुढे दोन बोलींचे शब्द एका फाइलमध्ये मिसळतात आणि वेगळे करणारा कुणी सापडत नाही. शब्दाच्या प्रत्येक नोंदीत बोलीचा संकेत आणि लिपीचा संकेत वेगळे लिहा.

चौथे, बाहेरचा भाग ‘जी सर्वांत नवी असेल ती आवृत्ती’ असे म्हणून कधीही घेऊ नका. २०१६ च्या मार्चमध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या कर्त्याने मागे घेतले आणि त्यावर अवलंबून असलेले जगभरचे बिल्ड कोसळले. २०२१ मध्ये अँड्रॉइडच्या असंख्य ॲपना लागणाऱ्या लायब्ऱ्या पुरवणारे जेसेंटर बंद करण्याचा निर्णय झाला आणि जुन्या प्रकल्पांची धावपळ उडाली. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत छुपा दरवाजा सापडला. तो सक्रिय करणारी फाइल उतरवायला दिलेल्या गठ्ठ्यात होती, गिटमधल्या उघड कोडमध्ये नव्हती. या तीन घटनांतून तीन नेम निघतात: आवृत्ती बांधा, लागणाऱ्या प्रत्येक भागाची प्रत स्वतःकडे ठेवा, आणि शक्य तिथे तयार गठ्ठ्याऐवजी मूळ रिपॉझिटरीतून घ्या.

हक्क कोणते, करारात काय लिहायचे

इथे बहुतेकांचा गैरसमज असतो की ‘ओपन सोर्स’ म्हटले की काहीही करता येते. नोटो फॉन्ट एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. ते तुम्ही वापरू शकता, बदलू शकता, ॲपमध्ये घालून ॲप विकूही शकता. फक्त सुटा फॉन्ट विकता येत नाही आणि बदललेला फॉन्ट त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. कीमॅनच्या सार्वजनिक साठ्यात किबोर्ड द्यायचा तर एमआयटी परवाना लागतो. ज्या भागाला जीपीएल परवाना आहे तो घेऊन ॲप वाटलेत तर वापरकर्त्याला मूळ कोड द्यावा लागतो, आणि १९९१ च्या जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीपासून त्या मूळ कोडमध्ये बिल्ड आणि इन्स्टॉलच्या स्क्रिप्टही धरलेल्या आहेत. ही अट फार महत्त्वाची आहे. कोड हातात असून बिल्ड करता येत नसेल तर तो कोड निरुपयोगी, हे परवाना लिहिणाऱ्यांनी ओळखले होते. तुम्ही एखाद्या संस्थेसाठी ॲप करून घेत असाल तर हीच अपेक्षा तुम्हीही धरा.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार बाहेरच्या कंपनीने किंवा फ्रीलान्सरने पैसे घेऊन लिहिलेला कोड सर्वसाधारणपणे त्याच्याच मालकीचा राहतो. पगारी कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून लिहिलेला असेल तरच तो मालकाचा होतो. हक्क हस्तांतरित करायचे तर लेखी आणि सहीनिशी लागते. कलम १९ नुसार त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून कामाच्या आदेशात निदान एवढे स्पष्ट लिहा:

- मूळ कोड, बिल्ड स्क्रिप्ट आणि नोंदफाइल संस्थेच्या नावाच्या गिट खात्यात राहील. अंतिम हप्ता तिसऱ्याच माणसाने कोऱ्या संगणकावर बिल्ड करून दाखवल्यावर मिळेल.
- कोड कोणत्या मुक्त परवान्याखाली येईल, किंवा हक्क कायमस्वरूपी आणि जगभरासाठी हस्तांतरित होतील.
- अँड्रॉइडची स्वाक्षरीची चावी संस्थेकडे राहील. ही चावी हरवली तर फोनवर बसवलेल्या जुन्या ॲपवर नवी आवृत्ती चढत नाही. वापरकर्त्याला जुने काढून टाकावे लागते आणि त्यातल्या नोंदी जातात.

शब्द आणि ध्वनी यांचा हक्क मात्र कोडसारखा सरसकट खुला करू नका. कोड खुला केल्याने कुणाचे काही जात नाही. पण एखाद्या वैदूने सांगितलेली वनस्पतीची माहिती किंवा पूजेचे गाणे ग्रामसभेला बाहेर जाऊ द्यायचे नसेल, तर तो निर्णय ग्रामसभेचा. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली लोकांनी केलेल्या नोंदवह्यांतली माहिती शब्दकोशाच्या निमित्ताने सार्वजनिक रिपॉझिटरीत गेली, तर ती नुसती पुसून जात नाही. गिटच्या इतिहासात आणि इतरांनी घेतलेल्या प्रतींत ती राहते. आपोआप होणारा बिल्ड जे दिसेल ते उचलतो आणि प्रसिद्ध करतो. म्हणून जपायचा मजकूर पहिल्या दिवसापासून वेगळ्या, बंद रिपॉझिटरीत ठेवा. शब्दसूची हा स्वतंत्र भाग असावा असा आग्रह धरण्याचे हेही एक कारण आहे.

‘एवढ्याशा कामाला हा खटाटोप कशाला?’

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला वजन आहे. पाचशे शब्दांचा कोश, एक शिक्षक, एक विद्यार्थी. त्यासाठी रिपॉझिटऱ्या आणि कंटेनर कशाला? काम खरोखर एकदाच होणार असेल आणि पुन्हा कुणी हात लावणार नसेल, तर नका करू. पीडीएफ छापा, ती पुष्कळ टिकते. पण भाषेचे काम असे एकदाचे नसते. पाचशेचे पाच हजार होतात, एटापल्लीचा शब्द सिरोंच्याला वेगळा निघतो, फॉन्टची सुधारलेली आवृत्ती येते, गुगल प्ले नव्या अँड्रॉइडसाठी ॲप अद्ययावत करायला सांगते. यातला प्रत्येक बदल हाताने करताना जेवढा वेळ जातो त्याची बेरीज केली, तर स्क्रिप्ट लिहायचा वेळ दोन-तीन बदलांत वसूल होतो.

दुसरा आक्षेप माणसांचा. गिट जाणणारे लोक भामरागडला कुठे आहेत? नाहीत फार, हे मान्य. पण या पद्धतीत भाषकाला गिट यायची गरज उरत नाही. शब्दसूची साध्या स्प्रेडशीटमध्ये असू शकते आणि तिथून ती उचलून पुढचे सगळे बिल्ड करतो. हाताच्या पद्धतीतच उलट प्रत्येक छोट्या दुरुस्तीसाठी प्रोग्रामर लागतो. माणसे कमी आहेत म्हणूनच यंत्राकडे काम द्यायचे आहे.

तिसरा आक्षेप नेटवर्कचा, आणि तो सर्वांत ठोस. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. दुर्गम टोल्यांवर इंटरनेट एरवीही भरवशाचे नसते. इंटरनेटवरच्या सेवेवर सगळा बिल्ड टांगला तर काम महिनाभर अडू शकते. म्हणूनच स्क्रिप्ट आधी लॅपटॉपवर चालली पाहिजे असे वर म्हटले, आणि म्हणूनच सगळ्या भागांच्या प्रती स्वतःजवळ हव्यात. लागणारे सगळे एका एसएसडीवर ठेवा आणि नेट बंद करून बिल्ड पूर्ण होतो का ते वर्षातून एकदोनदा पाहा. तयार ॲपही फक्त प्ले स्टोअरवर ठेवू नका. पेन ड्राइव्हवरून किंवा ब्लूटूथने देता येईल अशी एपीके फाइल चेकसमसह ठेवा, म्हणजे आश्रमशाळेतल्या शिक्षकाला ती फोनवरून फोनवर देता येते.

सुरुवात कुणी करावी

चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात, बल्लारपूरच्या महाविद्यालयात आणि गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाशी संलग्न संगणक विभागांत दरवर्षी अंतिम वर्षाचे प्रकल्प होतात. त्यांतले पुष्कळसे सादरीकरणानंतर कपाटात जातात. प्रकल्प देणाऱ्या प्राध्यापकांना विनंती आहे: यंदा एका गटाला नवे ॲप करायला सांगू नका. गोंडी किंवा माडियाचे आधीच झालेले एखादे काम निवडा, त्याचे भाग वेगळे करायला सांगा, कसोटीचे शब्द लिपी जाणणाऱ्या व्यक्तीकडून लिहून आणायला लावा, आणि परीक्षकाने स्वतः कोऱ्या संगणकावर एका आज्ञेने बिल्ड करून पाहिल्याशिवाय गुण देऊ नका. ती रिपॉझिटरी महाविद्यालयाच्या खात्यात ठेवा, विद्यार्थ्याच्या नाही, आणि पुढच्या वर्षीच्या गटाला तिथूनच पुढे काम द्या.